काळ्या पडद्यावरचं वाचन

अनसूयाबाई एक परिच्छेद संपवून पान उलटणार, तेवढ्यात कंप्युटरने टुण्णकन आवाज केला आणि रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. पडद्यावर पिवळा त्रिकोण आला होता. डिस्कवर जागा शिल्लक नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"अगं बाई, पुन्हा?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्यांनी बरंच काही पुसून टाकलं होतं. नातवाच्या बारशाचे व्हिडिओ रिचाकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे रायपूरला पाठवून दिले होते. रिकामी केलेली जागा दोन-तीन बैठकींत भरून जायची आणि पुन्हा तो त्रिकोण हजर व्हायचा.

जबलपूरच्या अधारताल भागातल्या त्या घरातली मागची खोली म्हणजे अनसूयाबाईंचा स्टुडिओ. स्टुडिओ हा शब्द त्यांचे यजमान अच्युतराव थट्टेने वापरत. खोलीला खिडकी एकच, आणि रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्यावर जाड रजई टांगलेली. टेबलावर कंप्युटर, समोर मायक्रोफोन, आणि पुस्तक तांदळाच्या डब्याला टेकवून उभं केलेलं. इथे बसून त्या अंध मुलांसाठी पुस्तकं वाचत. शाळेत शिकवत होत्या तेव्हा सुट्टीच्या दिवशी वाचायच्या, निवृत्त झाल्यावर रोज. कोणतं पुस्तक हवं ते अंधविद्यालयातले मोहनजी फोनवर सांगत. इतिहास झाला, राज्यशास्त्र झालं, हिंदी व्याकरण झालं. ऐकणारी मुलं कोण, कुठली, हे त्यांना ठाऊक नसे. रेकॉर्डिंग पोचलं की मोहनजींचा 'मिल गया दीदी, धन्यवाद' एवढा निरोप यायचा, आणि त्या पुढचं पुस्तक उघडायच्या.

सध्याचं पुस्तक बालमानसशास्त्राचं होतं. ते प्रणोती नावाच्या एका मुलीसाठी होतं, एवढं मात्र मोहनजींनी आवर्जून सांगितलं होतं. तिला शिक्षिका व्हायचं होतं, पात्रता परीक्षा जवळ आली होती, आणि हे पुस्तक ऐकायच्या रूपात कुठेच मिळत नव्हतं. बहुतेक धडे वाचून झाले होते. शेवटचे थोडे राहिले होते, आणि नेमका आता हा त्रिकोण.

त्याच दिवशी संध्याकाळी जावई आले. तनयराव रायपूरला विमा कंपनीत होते. ऑफिसच्या कामाने जबलपूरला यायचं होतं, तर रविवार सासुरवाडीला काढू असं ठरवून एक दिवस आधीच आले. मनुष्य अगदी मनमिळाऊ. आल्या आल्या सासूबाईंच्या तोंडून जागेची रडकथा ऐकली आणि रविवारी सकाळी नाश्ता झाल्याबरोबर बाह्या सरसावून ते मागच्या खोलीत जाऊन बसले.

"आई, ह्यात दोन-दोन विंडोज आहेत की!" थोड्या वेळाने ते म्हणाले.

"हो, एक आधीचं आहे. दर वेळेला सुरू करताना विचारते, जुनं पाहिजे का नवं. मी नव्यावर बोट ठेवते."

"मग जुनं काहून ठेवलं?"

"नवं टाकलं तेव्हा दुकानातला भैया म्हणाला, दीदी, रहने दीजिए, कभी काम आएगा."

"आलं का कधी कामाला?"

"छे हो. कधीच नाही."

"डिस्कचा तिसरा हिस्सा अडवून बसलंय ते. हा भाग काढून टाकला की तुम्हाला जागाच जागा. पुढची कित्येक वर्षं बघायला नको."

समोरच्या वऱ्हांड्यात उन्हाला बसून अच्युतराव मटार सोलत होते. थंडीत जबलपुरात मटाराचा सुकाळ असतो, आणि सोलायचं काम त्यांच्याकडे. तिथूनच त्यांनी आवाज दिला, "मशीन चालून राहिली ना? मग कशाला हात लावून राहिले?"

"बाबा, काही होत नाही. मी पाहून करतो."

आणि तनयरावांनी खरोखर पाहूनच केलं. जुना भाग उघडून त्यातलं एकेक फोल्डर त्यांनी अनसूयाबाईंना दाखवलं. रिचाचा कॉलेजचा एक प्रोजेक्ट निघाला. भेडाघाटला नावेत बसून काढलेले फोटो निघाले; त्यात अच्युतरावांचे केस काळे होते. ते सगळं त्यांनी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग विंडोजच्याच डिस्कचे भाग दाखवणाऱ्या यादीत जाऊन तो भाग काढायला गेले, तर काढायचा पर्याय फिका पडलेला. दाबला जाईना.

"हे हट्टी आहे," ते म्हणाले. मग इंटरनेटवरून त्यांनी एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. त्याला कसलीच हरकत नव्हती. खात्री आहे ना, असं त्याने एकदा विचारलं, तनयरावांनी हो म्हटलं, आणि जुनं विंडोज गेलं. डिस्कचे भाग दाखवणाऱ्या पट्टीवर त्याच्या जागी एक रिकामा करडा चौकोन उरला.

"झालं! आता एकदा बंद करून सुरू करू."

बंद झाला. सुरू मात्र होईना. पडदा काळा राहिला आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक पांढरी ओळ आली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

तनयरावांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. वायर काढून लावली. तीच ओळ.

"आई, तुमच्या रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी असेल ना कुठे?"

अनसूयाबाईंनी मान हलवली. झालेली पुस्तकं मोहनजींकडे होती. पण वर्षानुवर्षांची मूळ रेकॉर्डिंग इथेच होती, आणि प्रणोतीच्या पुस्तकातला एकही धडा अजून पाठवला नव्हता. सगळं तपासून एकदम द्यायची त्यांची सवय.

मुलगा असता तर त्या चार शब्द बोलल्या असत्या. जावयाला काय बोलणार? आणि बोलण्यासारखं त्यांनी केलं तरी काय होतं? सासूची अडचण दूर व्हावी म्हणूनच तर बसले होते. त्या स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याला धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. प्रणोतीला आता काय सांगायचं, हाच एक विचार डोक्यात फिरत होता. सगळं पुस्तक पहिल्यापासून वाचायचं म्हटलं तर परीक्षेआधी होणं शक्य नव्हतं. मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तनयराव, चला, आधी चहा घ्या."

तनयरावांनी चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. अच्युतराव काहीतरी बोलणार होते. पण बायकोने नुसतं पाहिलं, तसा त्यांनी मटाराची पुढची शेंग सोलायला घेतली.

उशीर होणार हे निदान कळवलं पाहिजे, म्हणून अनसूयाबाईंनी मोहनजींना फोन लावला आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "दीदी, घबराइए मत. अंबरीश को बोलता हूँ. हमारी सारी मशीनें वही देखता है. बँकेत आहे, आज छुट्टी असेल त्याला." मोहनजी मूळचे रीव्याकडचे, पण अनसूयाबाईंशी बोलताना एखादं वाक्य मराठीत ठेवून द्यायची त्यांना हौस होती.

थोड्याच वेळात अंबरीशचा फोन आला. तो तनयरावांनीच घेतला, कारण काय काय केलं ते त्यांनाच सांगायचं होतं. पलीकडून प्रश्न येत होते आणि हे उत्तरं देत होते. काढला तो भाग पहिला होता का? हो. विंडोजमधून काढू देत नव्हतं का? नव्हतं. त्यानंतर डिस्कवर काही नवीन टाकलं का? नाही. होता होता तनयरावांचा चेहरा जरासा सैल झाला.

फोन ठेवून ते म्हणाले, "आई, तो म्हणतोय की तुमचं सगळं बहुतेक जागेवर आहे. नवं विंडोज टाकलं तेव्हा मशीन सुरू करायच्या फाइली जुन्याच भागात राहिल्या होत्या. नवं तिथूनच सुरू होत होतं. जुन्यासोबत मी त्याही काढून टाकल्या. म्हणून मशीनला कळत नाहीये, सुरुवात कुठून करायची. तेव्हा ते काढू देत नव्हतं ते ह्याचसाठी. मी त्याला हट्टी म्हणालो."

"मग आता?"

"आता मशीन बंद ठेवायची, कशालाही हात लावायचा नाही. आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोजचा एक पेन ड्राइव्ह तयार करून ठेवायला सांगितलाय. अंबरीश इथेच गढ्याला राहतो. येतो म्हणाला."

"मी घेऊन येतो त्याला," असं म्हणत अच्युतराव मटार सोडून उठले, आणि स्कूटर काढून गढ्याच्या दिशेने निघालेसुद्धा.

ते परत आले तेव्हा अनसूयाबाई दारातच होत्या. स्कूटरवरून मागचा तरुण उतरला. निळा स्वेटर, खांद्याला पिशवी. त्याने पिशवीतून एक घडीची पांढरी काठी काढली, झटक्यात सरळ केली आणि तिच्या टोकाने फाटकाची कडा शोधली.

अनसूयाबाई आणि तनयराव दोघेही क्षणभर गप्प झाले. ती शांतता त्या मुलाला बरोबर ऐकू आली. तो हसला.

"मोहन सरांनी सांगितलं नाही वाटते. सांगत नाहीत ते कोणाला. नमस्कार. मी अंबरीश."

"ये बेटा, ये. पायरी आहे हं तिथे," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्याचं मराठी जरा अडखळत चालायचं. घरी आई मराठीत बोलते आणि आपण हिंदीत उत्तर देतो, समजतं सगळं, असं त्याने चपला काढता काढताच सांगून टाकलं. मागच्या खोलीत त्याने खुर्ची चाचपली, टेबलाची कड हाताने पाहिली, तांदळाच्या डब्याला हात लागला तसा "हे काय?" म्हणून विचारलं, आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"टाइप मी करतो," तो म्हणाला. "ऑफिसात माझी मशीन मला सगळं बोलून सांगते. पण इथे मशीन उठलीच नाही, तर बोलणार कोण? कोणीतरी मला पडदा वाचून दाखवा. भैया, तुम्ही वाचता?"

तनयरावांनी पेन ड्राइव्ह लावला, मशीन सुरू केली आणि ते वाचू लागले. "हां, आलं. भाषा-बिषा विचारतंय. पुढे जाऊ का? आता चार-पाच ऑप्शन आहेत, त्यातला रिपेअरवाला घ्यायचा असेल."

"सगळे वाचा ना, भैया. मी पाहत नाही तर तुमच्या 'असेल'वर कसा चालू?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण तनयरावांचं मन ठिकाणावर नव्हतं. एक ओळ सोडून दुसरीवर जायचे, आकडा चुकला की "सॉरी, सॉरी" म्हणायचे. शेवटी ते आपणच उठले.

"आई, तुम्ही बसा. तुम्ही वाचा. माझ्याच्याने नीट होऊन नाही राहिलं."

अनसूयाबाईंनी चष्मा पुसला आणि अंबरीशच्या शेजारी स्टूल ओढून घेतलं. कंप्युटरच्या ह्या भाषेतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण न कळणारं वाचण्याचा सराव त्यांना भरपूर होता. अर्थशास्त्राचं पुस्तक तरी कुठे सगळं कळलं होतं? त्यांनी नेहमीसारखा एक श्वास घेतला आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक शब्द सुटा, शेवटचं अक्षर पूर्ण, आणि जिथे चिन्ह असेल तिथे चिन्हाचं नाव. कोलन. उलटी तिरकी रेघ. पूर्णविराम.

अंबरीशचे हात कीबोर्डवरून वर उचलले गेले आणि तसेच राहिले.

"काय झालं? चुकलं का माझं?"

"नाही," तो म्हणाला. "एकदा परत वाचा. तीच ओळ."

त्यांनी परत वाचली. त्याने मान खाली घातली होती, पूर्ण ऐकून घेतल्यावर त्याने हळूच विचारलं, "अध्याय संपला की तुम्ही म्हणायच्या ना, 'अब थोड़ा पानी पी लीजिए'?"

अनसूयाबाई त्याच्याकडे वळल्या. म्हणायच्या. अजूनही म्हणायच्या. शाळेत लांबलचक धडा झाला की त्या मुलांना पाणी प्यायला सांगत, तीच सवय रेकॉर्डिंगमध्ये उतरली होती. त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"आम्ही खरंच प्यायचो," अंबरीश म्हणाला. "हॉस्टेलमध्ये चार जण एका प्लेअरभोवती बसून ऐकायचो. तुम्ही म्हटलं की एक जण उठून मटक्याचं पाणी आणायचा. अकरावी-बारावी, मग बीए, मग बँकेची परीक्षा. सगळं तुमच्या आवाजात वाचलंय मी. दारात बोललात तेव्हा ओळखलं नाही. बोलताना आवाज वेगळा आहे तुमचा." मग त्याने हात परत कीबोर्डवर ठेवले. "चला, आता तर काही काळजीच नाही. टेबल असलं ना पुस्तकात, तुम्ही ते ओळीओळीने वाचायच्या, आधी वरची शीर्षकं सांगून. इथेही टेबलच येणार आहे. तसंच वाचा."

मग काम सुरू झालं. तो टाइप करायचा आणि पडदा जे उत्तर देईल ते त्या वाचायच्या. डिस्कची यादी आली. डिस्क झिरो, ऑनलाइन, आकार अमुक. डिस्क वन, ऑनलाइन, आकार त्याहून बराच लहान. तो तनयरावांचा पेन ड्राइव्ह. पुढच्या आज्ञेनंतर त्यांनी वाचलं, "डिस्क वन आता निवडलेली आहे."

"वन?" अंबरीश थबकला. "मी झिरो दाबलं होतं."

"वन लिहिलंय, बेटा. मी दोनदा पाहिलं."

"मग बोट सरकलं असेल. बरं झालं पूर्ण वाचलंत." त्याने परत टाइप केलं, आणि ह्या वेळी झिरो आलं.

पुढे भागांची यादी आली. पहिला भाग नव्हताच; त्याच्या जागी रिकामं. दुसऱ्यात नवं विंडोज. तिसऱ्यात रेकॉर्डिंग. इथे अंबरीशने तीन वेळा यादी वाचून घेतली. "आता जे करायचं ते फक्त दुसऱ्यावर," तो म्हणाला. "तिसऱ्याला आपण शिवायचंसुद्धा नाही." मागे तनयराव हाताची घडी घालून उभे होते आणि दारात अच्युतराव. कोणी हलत नव्हतं.

दुसऱ्या भागाला, मशीन आता तुझ्यापासून सुरू होईल, असं सांगून झालं. मग सुरुवातीच्या फाइली त्याच भागात नव्याने लिहायच्या होत्या. ती आज्ञा लांबलचक होती. अंबरीशने ती टाइप केली, आणि एंटर दाबायच्या आधी अनसूयाबाईंकडून अक्षर न् अक्षर वाचून घेतली. दोन शब्दांमध्ये एके ठिकाणी मोकळी जागा सोडायची राहिली होती, ती सोडली. मग एंटर.

"बूट फाइली यशस्वीपणे तयार झाल्या," अनसूयाबाईंनी इंग्रजी ओळीचा अर्थ मराठीत सांगितला, आणि मग काळजी वाटून मूळ ओळही शब्दशः वाचली.

"भैया, पेन ड्राइव्ह काढा आणि मशीन परत सुरू करा," अंबरीश तनयरावांना म्हणाला. ते शेवटचं बटण त्याने मुद्दाम त्यांना दाबायला दिलं, हे अनसूयाबाईंच्या लक्षात आलं, आणि त्या मुलाबद्दल त्यांना आणखीच माया वाटली.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला, निदान तसं वाटलं. मग निळसर उजेड पडला, ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं आणि सुरू होतानाचा नेहमीचा स्वर वाजला. तो स्वर ऐकून अंबरीशने दोन्ही हात वर केले.

"आहे का बघा सगळं," अंबरीश म्हणाला.

अनसूयाबाईंनी तिसरा भाग उघडला. फोल्डर ओळीने उभे होते. प्रणोतीच्या पुस्तकाचा पहिला धडा त्यांनी लावला, आणि खोलीत त्यांचाच आवाज भरला. अंबरीशच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला.

"तुझे उपकार कसे फेडू, बेटा?"

"तुमचे कोणी फेडले?" तो म्हणाला, आणि मग लाजल्यासारखा हसला. "ते अठराशे सत्तावनचं प्रकरण आठवते का तुम्हाला? मेरठमध्ये शिपाई उठले, आणि तुमच्या कुकरची शिट्टी झाली. तुम्ही म्हणालात, 'अहो, गॅस बंद करा.' ते कापायचं राहून गेलं होतं. तेव्हा मला कळलं, ह्या दीदी आपल्यातल्या आहेत. घरी जाऊन आईला सांगितलं. म्हटलं, इतिहास शिकवणाऱ्या दीदी मराठी आहेत आणि त्यांचे अहो घरी असतात."

दारातून अच्युतराव म्हणाले, "आणि मी गॅस बंद केला होता. हेही इतिहासात लिहून ठेव."

त्यावर सगळेच हसले. तनयरावही हसले, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी अंबरीशचा हात धरला. "भाऊ, आज तू मला वाचवलंस. मी कोणत्या तोंडाने रायपूरला गेलो असतो?"

"तुम्ही चूक काहीच केली नाही, भैया. जुनं काढायलाच पाहिजे होतं. फक्त आधी दार इकडे आणायचं आणि मग घर पाडायचं, एवढंच. माझ्याकडूनही झालंय हे, शाळेच्या मशीनवर. मोहन सर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते."

करडा चौकोन अजून रिकामाच होता. तो रेकॉर्डिंगच्या भागाला जोडता येईल का, असं तनयरावांनी विचारलं. अंबरीश म्हणाला, येईल. पण त्यासाठी मधलं सगळं सरकवावं लागेल, आणि आज पुरे. त्यापेक्षा तिथे वेगळा नवा भाग करू. आता मशीन त्याच्याशी बोलत होती, त्यामुळे हे काम त्याने एकट्याने, भराभर केलं. नव्या भागाला नाव काय द्यायचं, असं त्याने विचारलं. अच्युतरावांनी सुचवलं 'कोठी', आणि तेच ठरलं. तेवढ्यात तनयराव कोणाला न सांगता स्कूटर घेऊन बाहेर पडले. मढातालकडे एक दुकान रविवारी उघडं असतं हे त्यांना ठाऊक होतं. तिथून ते एक बाहेरची डिस्क घेऊन आले, आणि जेवणं होईपर्यंत सगळ्या रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी तिच्यावर उतरलीसुद्धा.

जेवायला गोळाभात होता आणि मटाराची उसळ. अंबरीश म्हणाला की गोळाभात त्याची आजी करायची. अनसूयाबाईंनी त्याच्या ताटात कुठे काय वाढलंय ते सांगितलं. फोडणीचं तेल उजवीकडे वाटीत, चिंचेचं सार डावीकडे. तो पोटभर जेवला.

हात धुऊन परत बसल्यावर तो जरा घुटमळला. "एक मागू का?"

"माग की."

"मराठी पुस्तक कोणी वाचलेलं मी कधी ऐकलं नाही. इकडे सगळं हिंदीतच मिळते. आई बोलते तेवढीच माझी मराठी. पुस्तकातली मराठी कशी असते, ते माहीतच नाही. तुम्हाला वेळ असला तर. परीक्षेसाठी नाही. असंच."

अनसूयाबाईंना वाटलं, इतकी वर्षं आपण वाचतो आहोत, आणि आपल्या भाषेतलं एक पानसुद्धा कोणी मागितलं नव्हतं. आपणही कोणाला विचारलं नव्हतं.

"प्रणोतीचं पुस्तक संपू दे," त्या म्हणाल्या. "मग तुझंच."

प्रणोतीचं पुस्तक त्या आठवड्यातच पूर्ण होऊन गेलं. तिने स्वतः फोन केला, मोहनजींकडून नंबर घेऊन. पातळ, घाईघाईचा आवाज होता. धन्यवाद म्हणून झाल्यावर तिने धडा सातमधली एक व्याख्या पुन्हा विचारून घेतली आणि फोन ठेवला. अनसूयाबाईंना ती व्याख्या पाठ होती, ह्याचं त्यांनाच नवल वाटलं.

मग त्यांनी कपाटातून माहेरहून आणलेली एक जुनी कादंबरी काढली. पहिल्या दिवशी वाचताना जीभ अडखळली. रेकॉर्डिंगला बसलं की तोंडात हिंदीच यायची. दोनदा 'अध्याय' म्हणून पुन्हा 'प्रकरण' म्हणावं लागलं. तिसऱ्या प्रकरणापासून मात्र वाचन वाहायला लागलं. झालेली प्रकरणं कोठीत ठेवत गेल्या आणि एकेक करून अंबरीशला पाठवत गेल्या.

एका दुपारी त्याचा आवाजी निरोप आला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि कोणी बाई काहीतरी सांगत होती.

"काकू, आईपण ऐकून राहिली आहे. भाकरी टाकता टाकता ऐकते, आणि पुढचं प्रकरण कधी येते म्हणून मला विचारते. एक शब्द अडला आहे. हुरहुर म्हणजे काय? आईला विचारलं तर ती म्हणते, मला माहीत आहे, पण सांगता येत नाही."

अनसूयाबाईंनी निरोप दोनदा ऐकला. शब्दकोश घ्यायला त्या उठल्या; पण त्यातला अर्थ वाचून समाधान होईना. त्या वऱ्हांड्यात गेल्या आणि अच्युतरावांना विचारलं, "अहो, हुरहुर कशी सांगाल हो तुम्ही?"

अच्युतराव मटार ठेवून विचार करायला लागले. "रिचा लग्न होऊन गेली," ते सावकाश म्हणाले, "त्या दिवशी घरी परत आल्यावर आपण दोघं उगाच सगळ्या खोल्यांतून फिरत होतो ना? ते."

"सांगू का त्याला असंच?"

"सांग. नीट सांग, सावकाश."

त्या आत गेल्या, दार लोटून घेतलं, मायक्रोफोन जवळ ओढला आणि सांगायला लागल्या.